चौदा वर्षांची मर्यादा

महाभारताच्या आदिपर्वात माण्डव्य ऋषींची कथा आहे. घरोघरी पोथी लागत असे त्या काळी ती आपल्यापैकी पुष्कळांच्या कानांवरून गेली असेल. ऋषी मौन धरून तपाला बसले असता चोरांनी चोरीचा माल त्यांच्या आश्रमात दडवला. मागावर आलेल्या राजपुरुषांनी विचारले, ऋषी बोलले नाहीत, आणि चोरांबरोबर त्यांनाही सुळावर चढवण्यात आले. ते मेले नाहीत. राजाला चूक कळली. त्याने पाय धरले आणि सूळ उपसून काढू पाहिला, पण तो निघेना. तेव्हा बाहेर राहिलेला भाग तोडून टाकावा लागला. आतले टोक अंगात वागवीतच ऋषी पुढे हिंडत राहिले, म्हणून त्यांना अणीमाण्डव्य म्हणू लागले. त्यांनी धर्माला गाठून विचारले, आमच्या हातून असे कोणते पाप घडले होते? धर्म म्हणाला, लहानपणी तुम्ही किड्याच्या शेपटीत गवताची काडी खुपसली होती, त्याचे हे फळ. ऋषी संतापले. अजाण वयातल्या एवढ्याशा अपराधाला एवढा मोठा दंड देणारा तू धर्म कसला, असे म्हणून त्यांनी धर्मालाच मनुष्यजन्म घेण्याचा शाप दिला आणि त्याबरोबर एक मर्यादा घालून दिली: यापुढे चौदाव्या वर्षापर्यंत केलेले कर्म पाप ठरणार नाही.

ही मर्यादा आम्हांला बरीच वर्षे कथेचा एक तपशील एवढीच वाटत होती. आमच्याच घरात घडलेल्या एका प्रसंगाने तिचा विचार करणे भाग पाडले. ज्याच्या हातून तो प्रसंग घडला तो मुलगा आता मोठा झाला आहे. हे लिहिण्यापूर्वी आम्ही त्याला विचारले. लिहा, म्हणाला, पण सगळे लिहा.

काही वर्षांपूर्वीची वेळ अमावस्या. त्या दिवशी आपल्या भागात गावे ओस पडतात आणि शिवारे भरतात, हे वाचकांना सांगायला नको. आमच्या घरचीही सारी माणसे सकाळीच शेतात गेली होती. भज्जी, उंडे, आंबील असा थाट मांडला होता. पंधरा वर्षांचा हा मुलगा, नात्याने आमचा नातू, दोन मित्रांना मागे बसवून चुलत्याची मोटारसायकल घेऊन निघाला. गाडी त्याला येत नव्हती असे नाही. घरामागच्या गल्लीत तो ती अनेकदा चालवी, आणि एकटा असला की जपून चालवी. त्या दिवशी मित्र मागून हाळ्या देत होते. शेताच्या वळणावर डोक्यावर टोपले आणि हातात आंबिलीचे मडके घेऊन चाललेल्या एका वयस्क मजूर बाईला गाडीची धडक बसली. बाईचा पाय मोडला. मुलांना खरचटण्यापलीकडे काही झाले नाही.

यानंतर आम्ही वडीलधाऱ्यांनी जे केले ते असे. बाईला दवाखान्यात नेले, सारा खर्च केला, वर पैसे दिले. आणि गाडी तेवीस वर्षांचा, परवाना असलेला थोरला भाऊ चालवीत होता असे सर्वांनी ठरवून सांगितले. मुलाला दुसऱ्याच दिवशी मावशीकडे पाठवून दिले. आपली घराणी या मुलखात कोणी पायगेच्या चाकरीने आली, कोणी वतनाने, कोणी व्यापाराने. पिढ्या लोटल्या तरी आपण मूळचे बाहेरचे, ही जाणीव मनाच्या तळाशी राहतेच, आणि अशा घरांना नावाची काळजी जरा जास्त असते. 'लेकरू आहे, त्याला काय कळतं' हे वाक्य त्या आठवड्यात आमच्या घरात कितीदा उच्चारले गेले याची गणती नाही. तेच वाक्य उच्चारणाऱ्या तोंडांनी महिन्याभरापूर्वी त्याच मुलाला 'आता लहान नाहीस, घोडा झालास' असे अभ्यासावरून सुनावले होते. आमच्या सोयीने तो कधी मोठा होत होता, कधी लहान.

तेव्हा खरा प्रश्न असा की पंधरा वर्षांचा मुलगा असतो तरी कोण? आणि त्याच्या हातून घडलेल्या गोष्टीचा जाब त्याला विचारावा की विचारू नये?

गेल्या चार-पाच दशकांत मेंदूच्या अभ्यासकांनी या वयाविषयी बरेच काही शोधून काढले आहे. मूल सहा वर्षांचे होईतो त्याचा मेंदू आकाराने प्रौढाच्या मेंदूच्या नव्वद टक्क्यांच्या आसपास पोहोचतो, म्हणून पुढे फारसे काही घडत नसावे, असा पूर्वी समज होता. 1979 साली पीटर हुटेनलोखर यांनी मृत व्यक्तींच्या मेंदूंतील पेशींच्या जोडण्या सूक्ष्मदर्शकाखाली मोजल्या. कपाळामागच्या भागात बालपणी या जोडण्या प्रौढापेक्षा कितीतरी दाट असतात आणि वय वाढते तशा त्या कमी होतात, असे त्यांना दिसले. पुढे जिवंत मेंदूचे चित्र घेण्याची चुंबकीय पद्धत आली. जे गीड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच त्याच मुलांची चित्रे काही वर्षांच्या अंतराने घेतली आणि 1999 साली निष्कर्ष मांडले. मेंदूच्या पुढच्या भागातील करडा थर मुलींत अकराव्या आणि मुलांत बाराव्या वर्षाच्या सुमारास सर्वांत जाड असतो आणि त्यानंतर पातळ होत जातो.

शेतकऱ्याला हे समजणे अवघड नाही. ज्वारी दाट उगवली की आपण विरळणी करतो. रोपे कमी होतात, पीक कमी होत नाही. मेंदूतही वयात येण्याच्या सुमारास अशीच विरळणी चालते. ज्या जोडण्या वापरात असतात त्या टिकतात, ज्यांना काम नसते त्या गळतात. त्याच सुमारास टिकलेल्या तंतूंवर स्निग्ध वेष्टन चढत जाते आणि निरोप पूर्वीपेक्षा कितीतरी वेगाने जाऊ लागतात. ही क्रिया सगळीकडे एकदम होत नाही. पाहणे, ऐकणे, हालचाल यांचे भाग आधी तयार होतात. थांबणे, तोलणे, पुढचे पाहणे ही कामे जेथे होतात तो कपाळामागचा भाग सर्वांत शेवटी, विशी उलटल्यावरही, तयार होत राहतो. उलट सुख, उत्सुकता, भीती, चारचौघांतला मान यांनी पेटणारे आतले भाग संप्रेरकांच्या भरतीबरोबर आधीच जागे झालेले असतात. बैल तरणे आणि कासरा अजून वळायचा, अशी ही अवस्था आहे.

आणखी एक प्रयोग आम्हांला विशेष वाटला, कारण त्यात आमच्या शिवारातले वळणच दिसले. मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी 2005 साली तो प्रसिद्ध केला. संगणकावर गाडी चालवण्याचा खेळ होता. पिवळा दिवा लागल्यावर थांबायचे की पुढे दामटायचे हे खेळणाऱ्याने ठरवायचे. तेरा ते सोळा वयाची मुले आजूबाजूला मित्र असताना जेवढा धोका पत्करीत, त्यापेक्षा एकटी असताना कितीतरी कमी पत्करीत. चोविशी ओलांडलेल्या माणसांना मित्र असल्या-नसल्याने असा फरक पडला नाही. म्हणजे या वयाच्या मुलाला धोका कळत नाही असे नव्हे. शांतपणे विचारले तर सोळाव्या वर्षाच्या आसपास तो जवळजवळ मोठ्या माणसासारखाच विचार करतो. मागून हाळ्या येत असतात तेव्हा मात्र कळलेले हाती राहत नाही. आमचा मुलगा गल्लीत एक होता आणि शेताच्या वाटेवर दुसरा, याचा उलगडा आम्हांला येथे झाला.

पण या शास्त्राचा आधार घेताना थोडे थांबले पाहिजे. ही सारी अनुमाने अनेक मुलांच्या सरासरीवरून काढलेली आहेत. एखाद्या मुलाच्या मेंदूचे चित्र काढून त्याचा अपराध किती हे कोणालाही वाचता येत नाही. पंचविसाव्या वर्षी मेंदू 'पूर्ण' होतो असे हल्ली सर्रास बोलले जाते, तेही खरे नव्हे. त्या वाढदिवसाला आत कोणतीही कळ दाबली जात नाही. आणि मुख्य म्हणजे, मेंदूत काय घडते यावरून आपण काय करावे हे आपोआप निघत नाही. ते आपल्यालाच ठरवावे लागते, आणि ठरवल्याची जबाबदारीही आपलीच राहते.

आपला कायदा याच प्रश्नाभोवती गेली पंचवीस वर्षे घुटमळत आहे. 2000 सालच्या बालन्याय कायद्याने अठरा वर्षांखालील सर्वांना बालक मानले. त्यापूर्वी मुलांसाठी ही मर्यादा सोळा होती. डिसेंबर 2012 मधील दिल्लीच्या अत्याचारानंतर लोकमत खवळले आणि 2015 च्या कायद्याने असे ठरवले की सोळा ते अठरा वयाच्या मुलाकडून अतिशय गंभीर गुन्हा घडला तर मंडळाने त्याची मानसिक व शारीरिक क्षमता आणि परिणामांची समज तपासावी, व त्यानंतर त्याला प्रौढ म्हणून चालवायचे की नाही ते सांगावे. अमेरिकेत सर्वोच्च न्यायालयाने 2005 साली अठरा वर्षांखालील गुन्हेगाराला देहदंड देणे घटनाबाह्य ठरवले. एकीकडे वय पाहून हात आखडता घ्यायचा, दुसरीकडे गुन्हा पाहून वय वाढवायचे, अशी ही ओढाताण आहे.

19 मे 2024 च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला जे घडले ते साऱ्या महाराष्ट्राने आणि आपणही वाचले. सतरा वर्षांच्या मुलाच्या भरधाव परदेशी मोटारीखाली मोटारसायकलवरचे दोन तरुण अभियंते, एक मुलगा आणि एक मुलगी, मरण पावले. मंडळाने मुलाला काही तासांत जामीन दिला आणि इतर अटींबरोबर अपघातांवर तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याची अट घातली. देशभर संताप उसळला. पुढे मुलाचे आईवडील आणि काही डॉक्टर यांना रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून अटक झाली; घरच्या चालकावर दोष अंगावर घेण्यासाठी दबाव आणल्याचाही आरोप झाला. जुलै 2025 मध्ये मंडळाने त्या मुलाला प्रौढ म्हणून चालवण्याची पोलिसांची मागणी फेटाळली.

त्या निबंधाला लोक हसले. निबंध लिहिणाऱ्या आणि वाचणाऱ्या आपण मंडळींनी हसण्यापूर्वी त्यात नेमके काय चुकले ते पाहावे. शिक्षा हलकी होती म्हणून लोक चिडले, हे खरे. आम्हांला वाटते, त्याहून मोठी उणीव अशी की तो निबंध कोणालाही उद्देशून नव्हता. ज्यांची मुले गेली त्यांच्यापर्यंत तो जाणार नव्हता, त्यांच्यापुढे त्या मुलाला उभे राहावे लागणार नव्हते. आणि आरोपांत तथ्य असेल तर मुलाला कोणाहीपुढे उभे राहावे लागू नये यासाठीच मोठी माणसे धडपडत होती. बातमी वाचताना आम्ही इतरांइतकेच चिडलो. मग थोरल्या नातवाचा परवाना आठवला आणि वर्तमानपत्र खाली ठेवले. आमच्या हातून घडले ते त्यापुढे लहान असेल, पण जातकुळी तीच होती.

याविषयी दोन मते नेहमी ऐकू येतात. एक म्हणते, मेंदूच अपुरा आहे, मग दोष कसला? दुसरे म्हणते, कृत्य मोठ्याचे आहे तर फळही मोठ्याचे मिळू दे. आम्हांला दोन्ही मतांत एकच चूक दिसते. दोन्ही मते दंड आणि जाब यांना एकच समजतात. दंड म्हणजे केलेल्याबद्दल सोसावे लागणारे दुःख. जाब म्हणजे केलेल्यापुढे उभे राहणे: हे मी केले, याने तुमचे हे नुकसान झाले, आता मी काय करू, असे म्हणणे. अपुऱ्या कासऱ्याच्या वयात दंड हलका असावा हे न्यायाचे आहे. माण्डव्यांचा राग नेमका दंडाच्या प्रमाणाविषयी होता. पण जाबाचे काय? जे वापरले जाते ते टिकते आणि जे वापरले जात नाही ते गळते, असा जर त्या वयाचा धर्म असेल, तर ज्या मुलाला कधी जाबच विचारला नाही त्याच्यात जाब देण्याची वाट रुळणार कशी? अठराव्या वाढदिवसाला कायदा त्याला प्रौढ म्हणेल. पण त्या दिवशी ती शक्ती कोठून येईल? म्हणून मेंदूचे अपुरेपण हे दंड कमी करण्याचे कारण आहे, आणि जाब अधिक काळजीने मागण्याचेही.

इतिहासातले दोन माधवराव येथे आठवतात. थोरल्या माधवरावांना 1761 साली, पानिपताच्या घावाखाली राज्य असताना, सोळाव्या वर्षी पेशवाईची वस्त्रे मिळाली. रघुनाथरावांसारखा चुलता डोक्यावर होता. त्याच्याशी खटका उडाला, 1762 मध्ये आळेगावला नमते घ्यावे लागले, आणि पुढच्याच वर्षी ऑगस्टमध्ये राक्षसभुवनावर निजामाचा पराभव करून त्याच तरुणाने कारभार हाती घेतला. सवाई माधवराव 1774 साली जन्मले आणि चाळिसाव्या दिवशी पेशवे झाले. नाना फडणीसांनी त्यांना जपले, कारभार उत्तम चालवला. मार्च 1795 मध्ये, आपल्या बिदरहून निघालेल्या निजामअलीवर खर्ड्याला जय मिळाला. पण निर्णय नानांचे होते. त्याच वर्षी ऑक्टोबरात, एकविसाव्या वर्षी, शनिवारवाड्यातून खाली पडून त्या तरुणाचा अंत झाला. ते पडणे अपघात होता की आत्मघात, यावर मतभेद आहेत. दोन आयुष्यांवरून सिद्धांत काढू नये, आणि मेंदूच्या शास्त्राने इतिहास सोडवू नये. इतकेच म्हणू की एकाला चुकण्याची आणि चूक निस्तरण्याची मुभा मिळाली, दुसऱ्याला केवळ संरक्षण मिळाले. आणि संरक्षण करणाऱ्याचे शहाणपण त्याच्या कामी आले नाही.

यावर कोणी म्हणेल, तुमचे हे तत्त्व खात्यापित्या घरांपुरते आहे. हा आक्षेप आम्हांला सर्वांत जड वाटतो. आपल्या गावात चौदा-पंधरा वर्षांची मुले हॉटेलांत टेबले पुसतात, सुगीत तुरीच्या पेंढ्या वाहतात. कायद्याने बंदी असूनही अठराच्या आत मुली उजवल्या जातात. त्यांच्या बाबतीत 'लेकरू आहे' असे कोणी म्हणत नाही. पेला फुटला तर त्यांच्या मजुरीतून कापला जातो. मेंदू त्यांचाही तितकाच अपुरा असतो. बालपणाची सवलत ही जर निसर्गाने दिलेली आहे, तर ती घराच्या ऐपतीवर अवलंबून कशी? आपण जाब विचारतो तो इतरांच्या मुलांना, आणि क्षमा राखून ठेवतो ती आपल्या मुलांसाठी. दोन्ही मुलांचे यात नुकसान आहे. एकाचे लगेच दिसते, दुसऱ्याचे उशिरा.

आता प्रसंगाचा उरलेला भाग. मावशीकडून परतल्यावर मुलगा गप्प झाला होता. आम्ही समजलो, धक्का बसला आहे, विसरेल. चार महिन्यांनी एके रात्री तो आमच्यापाशी येऊन बसला आणि म्हणाला, 'आजोबा, मी काय केलं हे मला कुणी विचारलंच नाही.' आम्हांला उत्तर सुचले नाही. दुसऱ्या दिवशी त्याला घेऊन त्या बाईच्या घरी गेलो. ती काठी धरून चालत होती. त्याने सांगितले, गाडी मी चालवत होतो. बाई म्हणाली, ठाऊक आहे, मी पाहिलं होतं. मग इतकेच म्हणाली, एवढे दिवस का आला नाहीस? तिने रागे भरले असते तर बरे झाले असते, असे तेव्हा वाटले. दाराशी तिचा नातू उभा होता, आमच्या मुलापेक्षा वर्षाने लहान. आजी अंथरुणावर पडल्यापासून तो शाळा सोडून तिच्या जागी मजुरीला जात होता. आमचे लेकरू लेकरू राहावे म्हणून त्या घरातले लेकरू मोठे झाले होते, आणि आम्ही दिलेल्या पैशांच्या हिशेबात ही गोष्ट कोठेच नव्हती.

पुढे काय झाले त्याची फार गोड गोष्ट करू नये. त्या मुलाचे नाव पुन्हा शाळेत घातले. वर्ष मात्र वाया गेले. आमचा मुलगा सुट्टीत तिच्याकडे पाणी भरायला, सरपण आणायला जाऊ लागला. कधी कंटाळला, कधी टाळले, आम्ही आठवण दिली की पुन्हा गेला. तो संत झाला नाही. पण 'मी केले' हे वाक्य त्याला आता म्हणता येते, आणि ते म्हणायला आम्ही त्याला शिकवले नाही. आम्ही ते जवळजवळ विसरायला लावले होते. 2019 साली मोटार वाहन कायद्यात जी दुरुस्ती झाली, तिने अल्पवयीन मुलाच्या हातून वाहनाने गुन्हा घडल्यास पालकाला किंवा वाहनाच्या मालकाला दोषी धरले आहे: पंचवीस हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद. कलम वाचताना वाटते, कायद्याला माणसाच्या घराची चांगली माहिती आहे. पण कायदा वाहनाच्या किल्लीपुरता बोलतो. किल्ली दिल्यानंतर दिलेल्या खोट्याविषयी आपल्यालाच बोलावे लागते.

माण्डव्यांच्या शापाचा शेवट आपल्याला ठाऊक आहे. धर्म दासीच्या पोटी विदुर होऊन जन्मला. मुलाला प्रमाणाबाहेर दंड देणाऱ्या त्या न्यायाधीशाला आयुष्य काढावे लागले ते हस्तिनापुरात, मुलाला कधीच काही न विचारणाऱ्या बापाच्या घरी. एका टोकाची चूक करून आलेल्याने दुसऱ्या टोकाची चूक रोज डोळ्यांनी पाहिली आणि सांगून सांगून थकला. धृतराष्ट्राला ते ऐकू येत होते. आंधळा होता, बहिरा नव्हता. त्या सभेत आमची जागा कोणती होती, हे आम्हांला त्या चार महिन्यांत कळले नाही. पंधरा वर्षांच्या मुलाने येऊन सांगितले तेव्हा कळले.